तेवीस गोळ्या

तानुबाईने सुभद्रेच्या हातातली चिंधी घेतली, गाठीतला कण बोटांनी चाचपला आणि चिंधी कनवटीला खोचली.

"दुपारी देजो," सुभद्रा म्हणाली. "काल देल्ली होती नं?"

"देल्ली होती," असं म्हणून तानुबाई माणकीचं नाक पदराने पुसायला खाली वाकली. खोटं बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहायची विद्या तिला या वयातही साधली नव्हती.

सुभद्रा लगबगीने मांडवात शिरली. खुशालराव व्यापाऱ्यांच्या अकोल्याच्या आवारातल्या त्या मांडवात तेव्हा चाळीस लाकडी रेचे एका वेळी कुरकुरत असत. सातासमुद्रापलीकडे कुठेतरी लढाई जुंपली होती म्हणे, तिथला कापूस अडला होता आणि वऱ्हाडातल्या कापसाला कधी नव्हे तो भाव चढला होता. बाया सकाळी कापसातली सरकी वेगळी करायला रेच्यावर बसत, त्या दिवस कलेपर्यंत उठत नसत. त्यांची लहान लेकरं आवारातल्या कडुनिंबाखाली तानुबाईच्या हवाली असत.

तिच्याआधी हे काम पार्बताबाईकडे होतं. तिच्या राज्यात निंबाखाली चिटपाखरू हलत नसे. सकाळी एकेका लेकराच्या जिभेवर अफूची मोहरीएवढी गोळी ठेवली की तिचं काम संपलं, मग ती खुशाल वाती वळत बसे. संध्याकाळी आया येत आणि आपापलं लेकरू गाठोड्यासारखं खांद्यावर टाकून नेत. त्यात कुणाला वावगं वाटत नसे. त्यांच्या आयांनी त्यांना दिली होती, त्या आपल्या लेकरांना देत होत्या. पार्बताबाई तेल्हाऱ्याला लेकीकडे राहायला गेली, तेव्हा जाताना गोळ्यांची रिकामी पितळी डबी तानुबाईच्या हातात ठेवून गेली.

तानुबाईला पोटचं लेकरू नव्हतं, पण लेकरांविषयी मतं मात्र भरपूर होती.

"निजलेलं लेकरू त खाट बी सांभाळते," ती म्हणायची. "मले कायले ठेवलं मंग?"

एकेका आईला गाठून, विनवून, कधी चांगलं खडसावून तिने महिन्याभरात गोळ्या बंद करवल्या. मग निंबाखाली जो कल्ला सुरू झाला तो झाला. ती लेकरांना सरकीचे दाणे मांडायला शिकवी, दहाची ओळ, तिच्याखाली दहाची ओळ. गाणी म्हणून घेई. भांडणाऱ्या दोघांना एकच भाकर देऊन ती त्यांनाच वाटून घ्यायला लावी. बाया हसून त्याला तानुबाईची शाळा म्हणत.

ऐकलं नाही ते एकट्या सुभद्रेने. माणकीचं रडणं कानावर आलं की तिचं चित्त ठिकाणावर राहत नसे. एकदा अशीच मान वळवली आणि बोट रेच्याच्या रुळांत गेलं, नख गेलं ते गेलंच. "माही पोरगी निजलेली बरी," ती म्हणाली.

पण चार वर्षांची माणकी अर्ध्या उघड्या डोळ्यांनी निंबाच्या बुंध्याशी पडून असे, तोंडातला घास तोंडातच राही. तानुबाईला ते बघवेना. तिने अर्धी गोळी दिली, मग पाव, मग नखावर मावेल एवढी आणि मग दिलीच नाही. ते आठ-दहा दिवस वाईट गेले. पोर घामाने भिजायची, किंचाळायची. तानुबाई तिला कडेवर घेऊन आवाराच्या पार टोकाला, सरकीच्या ढिगामागे फिरत राहायची, रडणं मांडवात जाऊ नये म्हणून. पुढे माणकी हसायला लागली. गोळ्या मात्र रोज येत राहिल्या, आणि रोज पितळी डबीत पडत राहिल्या.

त्या दिवशी दुपारी रेच्यावरून पाणी प्यायला उठलेली बिल्कीस वाकडी वाट करून निंबाखाली आली. तिचा पोरगा सत्तार मातीत लोळत होता.

"तानुबाई, एक गोष्ट इचारू? राग नको मानू."

"बोल."

"आमच्या पोरायची गोली तुनं बंद केली. सुभद्राच्या पोरीची चालू हाये. अन् आता पाहा, सगळ्यात हुशार कोन? तिचीच पोट्टी! दहाच्या वर मोजते. असा दुजाभाव कावून? उद्यापासून माह्या सत्तारले बी देजो. बाकीच्या बाया बी आनून राहिल्या उद्या."

तानुबाईच्या हातातला दाण्यांचा टोपला तसाच राहिला. जिच्यासाठी आपण खोटं बोललो ती पोरगी वाचली, आणि त्याच खोट्यापायी उद्या बाकीच्या बारा जणांच्या तोंडात पुन्हा अफू पडणार. बिल्कीसचं काय चुकलं होतं? तिने डोळ्यांनी पाहिलं तेच ती बोलत होती.

"आज संध्याकाळी थांब जराशी," तानुबाई कशीबशी म्हणाली.

रेचे थांबले. केसांत रुईचे पुंजके घेऊन बाया बाहेर आल्या. तानुबाईने सुभद्रेला हाताला धरून निंबाखाली बसवलं आणि डबी तिच्यासमोर फडक्यावर उपडी केली.

"हे काय व?"

"तुह्या गोळ्या."

"तू त देल्ली म्हणे?"

"खोटं बोलली मी."

"रोज?"

"रोज. अर्ध्याची पाव केली, अन् मंग बंदच केली. तुले इचारलं नाई. लेकरू तुहं, मी कोन होती लपवणारी? लय चुकली, बाई."

बिल्कीसने तोंडाला पदर लावला. तेवढ्यात माणकी मध्येच फतकल मारून बसली आणि दाण्यांची सवय झालेल्या बोटांनी गोळ्या मांडू लागली. तानुबाईचा हात धसकून पुढे झाला. पोरीने तो बाजूला सारला.

"तोंडात नाई घालाची," तिने आईलाच बजावलं. एक ओळ झाली. दुसरी झाली. "दहा, अन् दहा, अन् हे तीन."

सुभद्रा गोळ्यांकडे पाहतच नव्हती. ती पोरीच्या मोजणाऱ्या बोटाकडे पाहत होती. मग तिने पोरीला उचललं आणि मागे न बघता ती फाटकाबाहेर निघून गेली.

तानुबाईने गोळ्या एका चिंधीत बांधल्या. फेकायला त्या तिच्या थोड्याच होत्या!

दुसऱ्या दिवशी एकीनेही गोळी आणली नाही. रेचे सुरू झाले. माणकीची जागा रिकामी होती आणि तानुबाईचं कशात लक्ष लागत नव्हतं. पोर पुन्हा कुठे अंधाऱ्या खोपीत निजवून ठेवली असेल, या विचाराने ती सारखी फाटकाकडे बघत होती. ऊन चांगलं वर आल्यावर सुभद्रा आली. माणकीला खाली ठेवून तिने नेहमीसारखी चिंधी पुढे केली.

तानुबाईने गाठ चाचपली. आत मोठं, चिकट काहीतरी होतं. गूळ आणि फुटाणे.

"दुपारी देजो," सुभद्रा जमिनीकडे पाहत म्हणाली. "संध्याकाळी मी इचारीन. देल्लं नसलं त नाई म्हणजो."

तानुबाईने कालची गोळ्यांची चिंधी तिला दिली. सुभद्रेने ती मुठीत घेतली आणि मांडवात जाता जाता आवारातल्या बायांच्या पेटत्या चुलीत टाकली.

संध्याकाळी ती सगळ्यांच्या आधी बाहेर आली.

"देल्लं?"

या वेळी तानुबाईने तिच्या डोळ्यांत पाहिलं. "नाई. द्याच्या आधीच ते निजली."

सुभद्रेचा चेहरा उतरला. "निजली?"

"आपल्या मनानं. खेळून खेळून थकली."

बुंध्याशी माणकी मुटकुळं करून निजली होती. सुभद्रा गुडघ्यांवर बसली. नख गेलेलं ते बोट तिने भीत भीत पोरीच्या गालाला लावलं.

माणकीने लगेच डोळे उघडले, आईकडे पाहिलं, तानुबाईच्या कनवटीकडे पाहिलं आणि हात पुढे केला.

"माहा गूळ?"