मच्छरदाणीच्या आतली गोष्ट

"डॉक्टर, किती डाव बघताव त्या रांजणात? च्या थंड व्हायलाय," बायनाबाई ओसरीवरून म्हणाल्या. "अन् तुमच्या मच्छरदाणीनं लय बेस काम केलं बघा."

मुंजाजींनी बॅटरी विझवली. रांजणात एकही अळी नव्हती, हे त्यांना पहिल्याच खेपेला दिसलं होतं. ही तिसरी खेप होती.

मुंजाजी डॉक्टर नव्हते, आरोग्य सेवक होते. ताडकळसच्या आसपासच्या चार गावांत अठ्ठावीस वर्षं ते दारोदार एकच प्रश्न विचारत आले होते, "घरात कुणाला ताप हाय का?" मग पाण्याची भांडी बघायची, अळ्या निघाल्या की ओतायला लावायची, हौदात गप्पी मासे सोडायचे आणि निघताना भिंतीवरच्या गेरूच्या चौकटीत तारीख टाकून सही ठोकायची. एवढ्यावर लोकांनी त्यांना डॉक्टर करून टाकलं होतं, आणि मुंजाजींनीही त्यात कधी मोडता घातला नव्हता.

बायनाबाईंचा भागवत पुण्यात कंपनीत कामाला. आठ दिवसांपूर्वी तो ताप, अंगभर पुरळ आणि लाल डोळे घेऊन घरी आला. त्याची बायको अर्पिता इथंच सासूजवळ, तिसऱ्या महिन्यात. मुंजाजींनी भागवतचं रक्त आणि लघवी तपासणीला पाठवली आणि संध्याकाळी स्वतः मोठी मच्छरदाणी आणून खोलीत बांधून दिली. "दोघंबी आतच झोपा," असं बजावून सांगितलं. अठ्ठावीस वर्षं त्यांच्यापुरता ताप म्हणजे डास, आणि डास म्हणजे बाहेरून येणारा.

आज सकाळी अहवाल आला. झिका. पाठोपाठ तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंचा फोन.

"मुंजाजी, हा आजार डासामुळे होतो, पण नवराबायकोच्या संबंधातूनही पसरतो. ताप उतरला तरी पुरुषाच्या वीर्यात विषाणू महिनोन्‌महिने राहू शकतो. बायको गरोदर आहे, पोटातल्या बाळाच्या मेंदूला धोका आहे. बाळंतपणापर्यंत लांब राहायचं, नाहीतर प्रत्येक वेळी निरोध. आणि तिचीही तपासणी करून घ्या. आजच सांगा."

ज्याच्यापासून पोरीला जपायचं, त्याच्याच शेजारी मुंजाजींनी तिला झोपवलं होतं, वर चारही कोपरे स्वतःच्या हातानं घट्ट बांधून.

असलं सांगायचं काम खरं तर गावातल्या आशा सेविका सुकेशनीचं. पण ती एका अडलेल्या बाईला घेऊन परभणीला गेली होती, उद्या येणार होती. मुंजाजींनी आयुष्यात कुणाच्या तोंडावर निरोध हा शब्द उच्चारला नव्हता. उपकेंद्राच्या खिडकीतला डबा तेच भरायचे. पंधरवड्यात तो रिकामा व्हायचा, पण घेताना कधी कुणी दिसायचं नाही. पाकिटं उंदीरच नेत असावेत, असं मानून मुंजाजी नजर दुसरीकडे ठेवत. आज त्यातलीच मूठभर पाकिटं त्यांच्या पिशवीत होती.

"भागवतचा ताप?" त्यांनी चहाचा कप उचलत विचारलं.

"काल उतरला की. आज भाकरी खाल्ली पोटभर."

काल उतरला. म्हणजे आज रात्रीच नवराबायको जवळ येणार, उद्याच्या सुकेशनीवर ढकलायची सोय राहिली नव्हती.

मुंजाजींना आपल्या बायकोची, कुसुमबाईंची आठवण झाली. कुसुमबाईंचं अंगावरून जाणं दीड वर्ष चाललं होतं. त्यांनी लाजेनं सांगितलं नाही, आणि मुंजाजींनी विचारलं नाही. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. खाटेवर पडल्या पडल्या त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "साऱ्या गावाला इचारीत हिंडलाव. मला वाटलं, एक दिस मलाबी इचारताल." त्यांना जाऊन सात वर्षं झाली, तरी ते वाक्य त्यांच्या काळजात रुतून बसलं होतं.

त्यांनी कप खाली ठेवला. "बायनाबाई, भागवतला अन् सूनबाईला बोलवा. दोघांशी बोलायचंय."

"मंग मी काय परकी हाव?" बायनाबाई तिथंच मांडी घालून बसल्या.

मुंजाजींनी मान खाली घातली आणि सगळं सांगून टाकलं. निम्मं रांजणाकडे बघून, निम्मं चपलांकडे बघून, पण एकही गोष्ट गाळली नाही. शेवटी म्हणाले, "मच्छरदाणीत दोघं झोपा म्हणलो, ती माझी चूक. मला म्हाईत नव्हतं."

बायनाबाईंचा चेहरा उतरला. "म्हंजी वंगाळ रोग आणला व्हय रे पुण्याहून?"

भागवत लालबुंद झाला. "आये, काय बोलायलीस?"

"त्याला डास चावलाय, बायनाबाई," मुंजाजी पहिल्यांदाच वर बघून म्हणाले. "डास काय माणसाची चालचलणूक बघून चावतो का? पोराला बोल लावू नका."

दाराच्या चौकटीला टेकून उभी असलेली अर्पिता मग हळूच म्हणाली, "काका, बाळंत होईस्तोर?"

"व्हय, पोरी. अन् उद्या तुझं रक्त, लघवी तपासू. सोनोग्राफीबी येळच्या येळी. मी संगं येतो."

"आजपून ती माझ्यापाशी निजंल," बायनाबाई म्हणाल्या.

"ते त्यांचं त्यांना ठरवू द्या." मुंजाजींनी पिशवीत हात घातला, पण तो बाहेर काही येईना. अर्पिताच पुढं झाली, सासूदेखत हात पुढं केला आणि पाकिटं पदरात घेतली. भागवतकडे बघून म्हणाली, "चला, मच्छरदाणी सोडू. आजपून मी आत्याबाईपाशीच निजते, तिथं बांधू. डासबी हायेतच की."

मुंजाजींनी बाहेर येऊन भिंतीवर तारीख टाकली. सही वाकडी आली.

ते घरी पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. सगळ्या गावासारखी त्यांच्याही भिंतीवर गेरूची चौकट होती. आपल्याच घराला काय भेट द्यायची, म्हणून ती आजवर कोरीच राहिली होती. मुंजाजींनी खिशातली पेन्सिल काढली, चौकटीत आजची तारीख घातली. मग कुलूप लावलेल्या दारासमोर उभं राहून हळू आवाजात विचारलं, "घरात कुणाला ताप हाय का?"

प्रत्येक दारात थांबायचे तेवढा वेळ ते थांबले. मग त्यांनी किल्ली काढली.