अकरा वर्षांचं खोटं

मी एक जुनं ओळखपत्र आहे, मित्रांनो. इचोड्याच्या एका दुकानात मला प्लॅस्टिकमध्ये बंद केलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. माझ्यावरचा फोटो जयवंताबाईचा. ती दवाखान्यात झाडू-पोछा करायची. मी जरा चिडका आहे, आधीच सांगून ठेवतो. खिळ्यावर टांगलंय, पण स्वस्थ बसवत नाही.

त्या कामाला चाळिशीच्या आतलीच बाई हवी होती. जयवंताबाई अठ्ठेचाळीसची. तिनं बेधडक सदतीस सांगितलं. लिहिणाऱ्यानं तसंच जन्मसाल माझ्यावर चढवलं, आणि मी खोटं बोलतच जन्माला आलो.

तरी तिचा जीव होता माझ्यावर. पदरानं पुसायची, आठवडी बाजारातही गळ्यात घालून जायची. तिचा मुलगा अमरदीप हसायचा, "माय, भाजीवाला काय हजेरी घेते का?" मी रागानं फुगून जायचो. मग कोरोनाची साथ आली.

दुसऱ्या लाटेत हुकूम निघाला, पंचावन्नच्या वरच्यांनी आजाऱ्यांच्या वॉर्डात जायचं नाही. नर्स प्रणिताताईंनी एकेकीला वय विचारलं. जयवंताबाई अठ्ठावन्नची झाली होती, वर साखरेचा आजार. पण खरं बोलली तर काम जाईल. तिनं मलाच पुढं केलं. "हे पाहा ना ताई, सत्तेचाळीसची हाय मी. काऊन घरी बसू?"

ताईंनी मला वाचलं आणि मान हलवली. मला तोंड असतं तर बोंब मारली असती हो! पुढं तिच्या छातीवर लोंबत मी तिची धाप ऐकली. तीन आठवड्यांत ती गेली. मला पिशवीत घालून घरी पाठवलं.

मागच्या महिन्यात भाग्यलक्ष्मी नावाची मुलगी वही घेऊन घरी आली. म्हणाली, "साथीत दवाखान्यातले कोण कोण गेले ते लिहून राह्यली मी. वय काय, बाई का माणूस, काम कोणतं. पुढच्या टायमाला कोणाला मागं ठेवायचं, ते यावरून समजते." तिनं मला पाहून सत्तेचाळीस लिहिलं.

"खोडा ते," जयवंताबाईची सून चंदा म्हणाली. "अठ्ठावन्नच्या होत्या."

अमरदीप दचकला. "मायचं नाव खराब करतं का?"

"माय तर गेली. आता तिथं मी झाडते ना. उद्या माहं वय झालं अन् वहीत खोटंच असलं, तर माह्यासारखीला कोन थांबवन?"

अमरदीप हळूच म्हणाला, "लिवा, ताई. अठ्ठावन्न."

संध्याकाळी चंदानं पेनानं माझ्यावर खरं जन्मसाल लिहिलं. प्लॅस्टिकवर शाई टिकत नाही, दोन दिवसांत पुसली जाते. ती पुन्हा लिहिते.

मित्रांनो, तुमच्या दवाखान्यात झाडणाऱ्या बाईच्या गळ्यात माझा एखादा भाऊ दिसेल. वय तिला विचारा. आणि खरं सांगितलं म्हणून तिचं काम काढून घेऊ नका.