हिल्डाची शाल

मी ग्रामोफोनची एक बिनखपाची तबकडी बोलतेय. मला कुणी विकायलाच काढली नाही.

१९११ साली लंडनमधल्या एका कोंदट खोलीत हडर्सफील्डची हिल्डा थ्वेट ध्वनिमुद्रणाच्या यंत्राच्या भोंग्यात तोंड घालून गात होती. खर्जातला भरदार आवाज. वरचा सूर आला की यंत्रावरचा माणूस तिला खांद्याला धरून मागे ओढायचा, नाहीतर कोरणारी सुई उडाली असती. गाणं संपल्यावर खूण होईपर्यंत तोंडातून ब्र काढायचा नाही, अशी सक्त ताकीद होती. हिल्डा मात्र शेवटचा सूर सोडताच वळली आणि दाराशी बसलेल्या धाकट्या बहिणीला म्हणाली, "नेली, माझी शाल कुठंय गं?"

त्या मुद्रणातून नमुना म्हणून मी एकटीच निघाले. मला वाजवून पाहिल्यावर तो माणूस म्हणाला, "बाई, आता हे शालीसकट विकू का?"

हिल्डा पुन्हा गायली. त्यातून निघालेली माझी निर्दोष जुळी बहीण घरोघर पोचली आणि मी नेलीच्या कपाटात चादरींखाली पडले. हिल्डा गावोगावच्या चॅपेलांत गात हिंडायची, नेली शाल घेऊन मागोमाग. सात वर्षं मला कुणी ढुंकून पाहिलं नाही. फार एकटं वाटायचं.

मग फ्लूच्या साथीत हिल्डा गेली. गाणारी हिल्डा दुकानात मिळत होती. बोलणारी फक्त माझ्यापाशी होती. नेलीनं मला बाहेर काढलं. रोज चहाच्या आधी ती सुई थेट माझ्या शेवटावर ठेवायची, प्रश्न ऐकायची आणि उत्तर द्यायची, "खुर्चीवरच आहे बघ."

दर वेळी नवी सुई लावा, असं दुकानदारानं बजावलं होतं. "त्याला सुया खपवायच्यात," नेली म्हणायची. यॉर्कशरची बाई ती, एकच चहापत्ती दोनदा उकळणारी. एक सुई महिनाभर पुरवायची. ती बोथट सुई मला खरवडत जायची आणि मला सांगताही येत नव्हतं. आधी 'शाल' गेली, मग 'नेली'.

आता माझं गाणं कोरं करकरीत आहे आणि शेवटी नुसती खरखर. नेली, सुई जरा अलीकडे ठेव गं, गाण्यातही तुझी हिल्डाच आहे.

काल तिनं पहिल्यांदाच महिना भरायच्या आत नवी सुई लावली, शेवटावरच. खरखर संपेपर्यंत कान देऊन बसली. मग हळूच म्हणाली, "खुर्चीवरच आहे बघ."