थिमीचा डगला

"दादा, तू एवढं लिहितोस, पण गावात ते वाचणार कोण?"

लिगोरने हे विचारलं तेव्हा मी बुखारेस्टच्या भाड्याच्या खोलीत खिळ्याला लटकत होतो. त्याचा थोरला भाऊ थिमी हसला, खोकला, पुन्हा लिहू लागला. मी थिमीचा डगला. आता मातीखालून बोलतोय. वरचे आवाज इथे बर्फ पडावं तसे मऊ होऊन येतात.

आईने घरच्याच मेंढ्यांची लोकर कातून मला केलं आणि परदेशी निघालेल्या थिमीच्या अंगावर चढवलं. तिथे तो आमच्या अल्बेनियन भाषेत वर्तमानपत्र काढी. गावाकडे सुलतानाचं राज्य. तिथे आमच्या भाषेत छापायला बंदी; तो कागद सापडला की तुरुंग. माझ्या बाह्यांना कायम शाईचा वास असायचा.

हिवाळ्यात थिमी गेला. परक्या मातीत निजला. शेवटचा अंक गावी पोचवायचा राहिला होता. लिगोर रस्त्यावर बोझा नावाचं आंबूस पेय पेल्याने विकणारा. दादाने शिकवली तेवढीच अक्षरं त्याला येत. त्याने रडत रडत माझं अस्तर उसवलं, आत अंक भरले, वाकडेतिकडे टाके घातले. "चल दादा, घरी," म्हणाला, जणू मीच थिमी.

सीमेवर शिपायाने मला चाचपलं. "एवढा जाड? सासऱ्याचं सोनं भरलंयस की काय?"

"भाऊ परदेशात मेला, साहेब. त्याचे कपडे नेतोय. नाहीतर आई रडेल कशावर?"

शिपायाचा हात थांबला. तोही आमच्याच डोंगरातला. "जा बाबा. उन्हं उतरायच्या आत पोच."

घरी थिमीच्या देहाच्या जागी मला चटईवर निजवलं, बाह्या छातीवर दुमडून. बायका भोवती बसून थिमीला हाका मारत होत्या. मग थिमीच्या नावाने खणलेल्या खड्ड्यापाशी मला नेलं. तेव्हा लिगोरने एकदम सुरी उपसली.

"अरे कसाया, भावाच्या अंगावर सुरी?" आई किंचाळली.

"भाऊ आत आहे, आई!"

अस्तर टरकन फाटलं. एक अंक काढून, एकेका अक्षरावर बोट दाबत, अडखळत तो वाचू लागला. रडणं हळूहळू विरलं.

"अगं बाई, हे तर आपल्यासारखंच बोलतंय," आई पुटपुटली. "थांबू नकोस रे."

इथे कुणी आलात तर रडू नका. काहीतरी मोठ्याने वाचा. मला ऐकू येतं.

त्या दिवशी लिगोरने घरटी एकेक अंक वाटला. एक उरला, तो माझ्या आत ठेवला. आणि खड्ड्याच्या काठावर बसून, या वेळी बारीक, सरळ टाक्यांनी, माझं अस्तर शिवलं.