तांडेल काय म्हणतो

हर्षदच्या मोबाइलवर तिसऱ्यांदा तोच बेडकाच्या तोंडाचा आचारी निघाला, तेव्हा प्रांजलने मांडीवरची उशी उचलून त्याच्या पाठीत घातली.

"तू हात लावूच नकोस यार. सगळे आचारी तुझ्याच नशिबात."

"बरं आहे ना. हॉटेल काढतो."

चंदर दोघांच्या मध्ये, चष्मा नाकावर घट्ट बसवून, मोबाइलवर वाकला होता. खेळातली सोडत अशी असायची: बोट लावलं की समुद्रातून एक पेटारा वर येई, त्याचं झाकण थरथरे, आणि फटीतून उजेड फुटे. उजेड निळा असला तर कोणीतरी किरकोळ माणूस निघायचा. सोनेरी असला तर मोठा. सोनेरी उजेड सकाळपासून कोणालाच दिसला नव्हता. तरीही पेटारा वर येऊ लागला की दर वेळी चंदरचा श्वास अडकत होता. वय बावन्न, चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत बाटल्यांची झाकणं पाडणाऱ्या मशीनवर नोकरी, गुडघे दुखतात. पण आज तो जमिनीवर मांडी घालून बसला होता आणि गुडघ्यांची त्याला आठवणही नव्हती.

"म्हाडाची सोडत परवडली," तो म्हणाला. "तिथं निदान आपल्यासारखेच रडणारे भेटतात."

स्वयंपाकघराच्या दारात जानकी, त्याची बायको, उलथनं घेऊन उभी राहिली. आंबोळ्यांचा पहिला घाणा झाला होता आणि काळ्या वाटाण्याची उसळ शिजत होती. माना खाली घालून बसलेल्या तिघांकडे तिने एकदा नीट पाहिलं.

"आज कोणाचो बारावो आसा काय?"

"वहिनी, तांडेल येईपर्यंत थांबा," हर्षद म्हणाला. "मग बघा नाचतो की नाही."

याच पुढच्या खोलीत तीस वर्षांपूर्वी चंदरचा व्हिडिओ गेमचा धंदा होता. वडिलांची गिरणी बंद पडली, घराला हातभार हवा होता, म्हणून त्याने चार जुने टीव्ही आणि चार मशीन आणून मांडली. सेक्टरमधली पोरं तासावर खेळायला यायची. सगळ्यांना गोळीबार आणि गाड्यांच्या शर्यती हव्या असत. एका पुठ्ठ्याच्या खोक्यातून आलेली पिवळी कॅसेट मात्र कोणी घेईना. त्या खेळात माणसं नुसती बोलत राहायची, आणि तेही जपानीत. पडद्याच्या तळाशी काड्यापेटी सांडल्यासारखी अक्षरं उमटत आणि जात.

एके दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. तीन-चार पोरं पैसे नसताना नुसतीच दारात रेंगाळत होती. चंदरने ती कॅसेट लावली आणि कोण काय बोलतंय ते सांगायला सुरुवात केली. जपानीचं एक अक्षर त्याला येत नव्हतं. पण पडद्यावरचा चेहरा पाहिला की हा माणूस काय म्हणत असेल ते त्याला आपोआप सुचायचं. राजा सोसायटीच्या सेक्रेटरीसारखा बोलू लागला. चेटकीण कुडाळच्या आत्यासारखी कुजबुजू लागली. चार अनाथ मुलांना होडीत घालून बेटाबेटांवर नेणारा पांढऱ्या दाढीचा म्हातारा होता, त्याला चंदरने नाव दिलं तांडेल, आणि आपल्या आजोबांची मालवणी दिली. त्या दिवसानंतर पोरांनी गाड्यांच्या शर्यती सोडल्या.

हर्षद, प्रांजल आणि पिंटू ही तीन पोरं कधी चुकली नाहीत. पिंटू सगळ्यांत बारका. दिवसाची बोहनी त्याच्या हातची असली तर दिवसभर वीज जात नाही, असं चंदरने ठरवून टाकलं होतं, म्हणून पहिलं बटण नेहमी पिंटू दाबायचा.

खेळाच्या मध्यावर एक जागा होती. मुलं किनाऱ्यावर झोपलेली आहेत, तांडेल वल्हं हातात घेऊन त्यांच्याकडे पाहत उभा आहे, काहीतरी बोलतो आणि एकटाच होडी घेऊन जातो. पुढच्या चित्रात एक महाल, काळ्या झग्यातला माणूस, आणि तो तांडेलला एक पिशवी देतो. बस. पुढे तांडेल दिसत नाही.

त्यांनी ती जागा पहिल्यांदा पाहिली, त्या आठवड्यात पिंटूचे वडील सुरतला कामाला जातो म्हणून गेले होते. कामाला नाही गेले, घर सोडून गेले, हे सेक्टरमध्ये मोठ्यांना ठाऊक होतं. तांडेल बोलू लागला तेव्हा बाकीची पोरं पडद्याकडे बघत होती. पिंटू चंदरकडे बघत होता.

"दादा, काय म्हणतो तो?"

चंदरने आजोबांचा घोगरा आवाज काढला. "वायच थांबा रे पोरांनू. भरती इली की मी येतलंय."

"आणि पिशवीत काय आहे?"

"औषध. बारकीला ताप आहे ना."

त्या कॅसेटच्या आतली बॅटरी मेली होती. मशीन बंद केलं की खेळलेलं सगळं पुसलं जाई. त्यामुळे खेळ दर वेळी पहिल्यापासून, आणि शेवट कोणालाच कधी दिसला नाही. तांडेल मात्र पुन्हा पुन्हा निघून गेला, आणि दर वेळी पिंटूने चंदरकडून ते वाक्य म्हणवून घेतलं. पुढे घरोघरी कॉम्प्युटर आले, धंदा बसला. पोरं मोठी झाली. हर्षद अंधेरीच्या ऑफिसात लागला, प्रांजलने कांदिवलीत औषधांचं दुकान घातलं, पिंटू विमानतळावर मालाच्या विभागात लागला आणि आईला घेऊन घाटकोपरला गेला. त्याचे वडील आले नाहीत.

गेल्या आठवड्यात हर्षदचा फोन आला तेव्हा चंदर मशीनवर होता. "चंदरदादा, आपला गेम आलाय रे. मोबाइलवर. तोच. सगळं नवं करून." चंदर मशीन तसंच चालू ठेवून बाहेर आला. अर्धं पिंप झाकणं वाकडी निघाली, सुपरवायझर बोलला, आणि चंदर त्याच्याकडे बघून हसत राहिला. संध्याकाळपर्यंत चौघांचा ग्रुप झाला. रविवारी सगळ्यांनी चंदरकडेच जमायचं ठरलं. या नव्या खेळात माणसं आयती मिळत नाहीत, ती सोडतीत निघावी लागतात, आणि जो निघेल त्याचीच गोष्ट उघडते, हे हर्षदने समजावलं. तांडेल सगळ्यांत दुर्मीळ होता.

"आणि दादा, आता सगळं इंग्लिशमध्ये आहे," हर्षद म्हणाला. "तांडेल नक्की काय म्हणायचा ते शेवटी कळणार."

ग्रुपवर पिंटूने नाचणाऱ्या बाहुल्या टाकल्या. चंदरने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. तीस वर्षं त्यालाही हेच जाणून घ्यायचं होतं. पण पिंटू ते वाचत असताना आपण समोर असावं की नाही, हे त्याला कळत नव्हतं. तांडेल निघावा असं त्याला फार वाटत होतं, आणि निघू नये असंही.

पिंटू आला तेव्हा दुसरा घाणा तव्यावर होता. चप्पल काढता काढताच त्याने विचारलं, "आला?"

"आचारी आला," प्रांजल म्हणाली. "चार वेळा."

"तीन," हर्षद म्हणाला.

दोघांच्या फुकटच्या सोडती संपल्या होत्या. चंदरच्या मोबाइलवर एकच उरली होती. प्रत्येक सोडत स्वतंत्र असते, आधीच्या अपयशाचा तिच्याशी काही संबंध नसतो आणि बोट कोणाचं हे मशीनला कळत नाही. हे हर्षद, प्रांजल आणि पिंटू तिघांनाही ठाऊक होतं. तरीही हर्षदने मोबाइल दोन्ही हातांनी उचलून पिंटूपुढे धरला.

"बोहनी कर."

पिंटूने हात पॅन्टला पुसले. चंदरकडे बघून हसला, लहानपणी हसायचा तसाच, एका बाजूने. आणि बोट लावलं.

समुद्र हलला. पेटारा वर आला. झाकण थरथरू लागलं, थांबलं, पुन्हा थरथरलं.

"अरे उघड ना भाड्या," हर्षद पुटपुटला.

फटीतून सोनेरी उजेड फुटला.

पुढचं कोणालाच नीट सांगता आलं नसतं. प्रांजल किंचाळली, हर्षद खरोखरच नाचायला लागला, जानकी उलथनं घेऊन धावत बाहेर आली आणि काय झालंय ते न कळताच तीही हसायला लागली. चंदरच्या डोळ्यांपुढे पेटाऱ्यातून पांढरी दाढी वर आली, मग खांदे, मग हातातलं वल्हं. पूर्वी तो बोटभर उंचीचा, चौकोनांचा बनलेला असायचा. आता त्याच्या कपाळावरच्या आठ्या दिसत होत्या, वल्ह्यावरची ओल दिसत होती.

"आजोबांसारखो दिसता रे," जानकी म्हणाली.

त्याच्या नावाखाली गोष्ट उघडली होती. पिंटू भिंतीला टेकून बसला, मोबाइल गुडघ्यावर ठेवला, आणि चार डोकी त्याच्याभोवती जमली. किनारा आला. चार मुलं झोपलेली. तांडेल उभा. खाली इंग्रजी अक्षरं. स्क्रीनला बोट टेकवून उचललं की वाक्य पुढे सरकायचं.

पिंटू मोठ्याने वाचू लागला. पहिलं वाक्य वाचलं, दुसरं अर्ध्यात सोडलं, आणि नंतर नुसतंच बोट टेकवत, उचलत गेला. बाकीच्यांनी मनात वाचलं. झोपलेत बिचारे, तांडेल म्हणत होता. सकाळपर्यंत उठायचे नाहीत. राजाच्या शिपायांना इथवर यायला तेवढा वेळ पुरे. मग महाल आला, काळा झगा आला. पिशवीचं तोंड उघडं होतं आणि आत सोन्याची नाणी झगझगत होती. एका मुलाचं एक नाणं असा हिशेब तांडेलने केला आणि पाठ फिरवली.

"अरे," हर्षदच्या तोंडून निघून गेलं, "हा तर फितूर."

मग त्याचं त्यालाच कळलं. चंदरला इंग्रजी वाचायला वेळ लागायचा, पण नाण्यांना इंग्रजी लागत नव्हतं. त्याने पिंटूच्या चेहऱ्याकडे पाहायचं टाळलं आणि त्याच्या गुडघ्याकडे पाहिलं. स्वयंपाकघरातून आंबोळी करपल्याचा वास येऊ लागला. जानकी हलली नाही.

"तुम्हाला काय कळतंय," प्रांजल म्हणाली. "गोळ्या आहेत त्या. बी-कॉम्प्लेक्स. माझ्या दुकानात बघ, पिवळ्याच असतात."

हर्षद हसला. एकटाच.

पिंटूने मान वर केली नाही. त्याने गोष्ट पहिल्यापासून लावली. पुन्हा किनारा आला, पुन्हा चार मुलं वाळूत झोपली. तांडेल वल्हं घेऊन उभा राहिला आणि खाली पांढरी अक्षरं उमटू लागली, तसा पिंटूने आपला अंगठा त्यांच्यावर आडवा ठेवला. मोठा, रुंद अंगठा. पेट्या उचलून नखाची कड काळी झालेली. एकही अक्षर दिसेना.

मोबाइल त्याने चंदरसमोर धरला.

"दादा, काय म्हणतो तो?"

चंदरने चष्मा काढला. तो कुठे ठेवावा हे न सुचून त्याने तो जानकीकडे दिला. घसा खाकरला. आजोबांचा आवाज आता काढावा लागत नव्हता. तो वयानेच आला होता.

"वायच थांबा रे पोरांनू," तो म्हणाला. "भरती इली की मी येतलंय."

पिंटूने मान हलवली, ठरल्याप्रमाणे सगळं ठीक असल्यासारखी. प्रांजलने त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकली. अंगठा उचलला असता तर वाक्य पुढे सरकलं असतं, होडी सुटली असती. पिंटूने तो उचलला नाही. छोट्याशा पडद्यावर लाटा येत होत्या, परत जात होत्या, आणि तांडेल झोपलेल्या मुलांपाशी तसाच उभा होता.