चुकलेल्या होडीचा शब्द

मी 'मिस' बोलतोय. हो, तोच. तुमच्या 'मिस्ड कॉल'मध्ये जो एकदा वाजून गप्प होतो, आणि मुलगा परदेशी गेला की 'मिस यू रे' म्हणून जो घराघरांतून धाडला जातो, तो मीच. जात इंग्रज, वय हजाराच्या वर. एवढं वय झालं तरी अजून कामावर आहे, आणि हल्ली तर पूर्वीपेक्षा जास्तच राबवतात.

माझा जन्म कुणा नेमबाजाच्या तोंडी झाला असावा. बाण बाजूने गेला, तो चरफडला आणि मी बाहेर पडलो. पुढे कुणाची गाडी चुकली, कुणाचा तास बुडाला, शर्टाचं बटण गळलं, जवळचं माणूस लांब गेलं. जिथे जिथे काही हातचं निसटलं तिथे तिथे मला बोलावणं. आनंदाच्या कार्याला मला सहसा कुणी विचारत नाही. बायकांच्या नावाआधी लागणारा, 'मिस, पाणी प्यायला जाऊ?' म्हणत वर्गभर फिरणारा 'मिस' मात्र माझा सख्खा नव्हे. तो 'मिस्ट्रेस' नावाच्या दुसऱ्याच शब्दाचं शेपूट छाटून उरलेलं मुंडकं. पण चेहरा एक, त्यामुळे त्याची बोलणी मला बसतात.

पुष्कळ देशांतल्या पुष्कळ जिभांवरून मी गेलो. पण जीव अडकला तो दूर पूर्वेकडे, तिएन नदीवरच्या एका लहानशा घाटावर, साउमावशीच्या तोंडात.

साउ म्हणजे सहा. साउमावशी खरं तर पाचवी. पण थोरल्या मुलाला 'दुसरा' म्हणायची इकडची रीत, म्हणून पुढचे सगळेच एकेकाने सरकलेले. आणि हे लोक मला म्हणतात, इंग्रजी अवघड! तर ही साउमावशी नदीवर होडी चालवायची. नवरा वारल्यापासून सुकाणू तिच्याच हाती. वरच्या अंगाला पूल झाला तसे मोटारवाले तिकडे गेले, आणि तिच्या होडीत उरल्या बाजारच्या बायका, त्यांच्या नारळाच्या राशी आणि सायकलवाली पोरं. दुपारी होडी रिकामी राहू लागली तशी ती इंग्रजी शिकायला यायला लागली.

कारण होतं कायली. साउमावशीची मुलगी युएन अमेरिकेत, ओक्लाहोमात असते, लोकांची नखं रंगवायच्या दुकानात काम करते. जावई कर्टिस तिकडचाच. त्यांची सात वर्षांची मुलगी कायली. घरात बोलणं इंग्रजीतून, म्हणून पोरीला दुसरी भाषा येत नाही. येत्या उन्हाळ्यात ती दोन महिने आजीकडे राहायला येणार असं ठरलं होतं. एकुलत्या नातीला साउमावशीने आजवर फोनच्या काचेबाहेर पाहिलेलं नव्हतं. पोर आली आणि तिच्याशी बोलताच आलं नाही तर? या एका धास्तीने ती साठीनंतर बाकावर येऊन बसली.

वर्ग घ्यायची लाय. शाळेतलीच बाई, मुलं घरी गेली की त्याच बाकांवर ही मोठी मुलं यायची. लाय चाळिशी ओलांडलेली, अविवाहित, बोलायला गोड, पण चुका काढायला लागली की वडीलधाऱ्यांनाही सोडायची नाही. तिनेच मला पहिल्यांदा त्या फळ्यावर लिहिलं.

"मिस म्हणजे चुकणं, हुकणं," ती म्हणाली. "आपण घाटावर पोचायच्या आत होडी सुटते ना? तसं."

होडी म्हटल्यावर साउमावशी गप्प बसते थोडीच! तिच्या गावात लग्नाचं वय उलटलेल्या मुलीलाही 'होडी चुकली' असंच म्हणतात. तिने मांडीवर थाप मारली. "अगं बाई! म्हणून होय तुझ्या नावाआधी ते लावतात? मिस लाय! होडी चुकलेली लाय!"

वर्ग असा खिदळला की खडू खाली पडला. माझी मान शरमेने खाली गेली. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अहो, तो मी नव्हेच! पण शब्दाला स्वतःचं तोंड कुठे असतं?

लायने खडू उचलला. "साउमावशी," ती म्हणाली, "होडी तुमचीच होती. आणि वेळेआधी सोडलीतही तुम्हीच."

साउमावशीचं हसू मावळलं आणि तिने वही पुढे ओढली. का, ते मला पुढे कळलं.

दुसऱ्या दिवशी लायने माझा तो अर्थ शिकवला, जो मला स्वतःला सगळ्यांत प्रिय आहे. माणूस जवळ नसल्याचं दुखणं. नेमकी त्या दिवशी साउमावशी वर्गाला नव्हती. घरी नवऱ्याचं दरसालचं श्राद्ध होतं. दीर-जावा, पुतणे, सगळं गाव जेवायला. तिने बदकाचं कालवण रांधलं, नवऱ्याच्या तसबिरीपुढे त्याच्या आवडीची तांदळाची दारू ठेवली आणि तिकडे माझा धडा बुडाला. त्या एका बुडालेल्या धड्याने पुढचं सगळं रामायण घडवलं.

त्यांच्या भाषेत एक शब्द आहे, 'न्यो'. मी कुणाचा हेवा करत नाही, पण याचा करतो. ध्यानात असणं म्हणजे न्यो. जवळ नसलेल्या माणसासाठी जीव तुटणं, तेही न्यो. आणि 'वेळेवर जेव हं, विसरू नकोस' असं बजावायचं तरी न्यो. तुम्हा मराठी माणसांना हे सांगायला नको. तुमच्याकडेही एखादी गोष्ट आठवते, माहेरची आठवण येते आणि औषध आठवणीने घे म्हणतात. तिन्हींना एकच शब्द पुरतो. इंग्रजांनी मात्र वाटण्या केल्या. ध्यानात ठेवण्याचं काम 'रिमेंबर'ला दिलं आणि जीव तुटण्याचं मला. त्याच्याकडे सगळं भरलेलं घर, माझ्याकडे नुसती रिकामी जागा.

साउमावशीने शब्दकोशात 'न्यो' काढला. पहिलाच शब्द मिळाला 'रिमेंबर'. तेवढ्यावर तिचं समाधान झालं. मग दर रविवारी सकाळी फोन लागला की ती कायलीला जिवाच्या आकांताने सांगायची, "आय रिमेंबर यू!"

"मी पण, आजी," कायली म्हणायची.

"आय रिमेंबर यू मच! एव्हरी डे रिमेंबर! बोट, आय रिमेंबर यू! राइस, आय रिमेंबर यू!"

तिला म्हणायचं होतं, होडीवर तुझी आठवण येते, भात जेवताना तुझी आठवण येते. पलीकडे ऐकू येत होतं, मला तू आठवतेस, अजून आठवतेस, रोज आठवतेस. मी फोनच्या अवतीभवती घिरट्या घालत होतो. अगं, मला घे, माझं नाव घे! पण बोलावल्याशिवाय जिभेवर चढायची आम्हाला मुभा नाही.

कर्टिस माणूस वाईट नव्हे. पण त्याची स्वतःची आजी शेवटी शेवटी असंच करायची. तू मला आठवतोस हं, असं दहादा सांगायची, आणि अकराव्यांदा विचारायची, तू कोण? त्याच्या मनात पाल चुकचुकली. त्याने बायकोला एवढंच सांगितलं, की तुझी आई तेच तेच बोलते, तिला विसर पडत असावा.

युएनने त्याच दिवशी फोन केला. "आई, आज तिथी कोणती?"

"बारावी. का गं, उपास धरतेस की काय?"

"बाबांच्या श्राद्धाला कोण कोण आलं होतं?"

"चाळीस माणसं जेवली, सगळ्यांची हजेरी देऊ?"

"गॅस बंद करतेस ना आठवणीने?"

"गॅस? अगं, मी चुलीवर रांधते. त्याच चुलीत लहानपणी ढोपर भाजून घेतलं होतंस, विसरलीस? तुलाच काय झालंय आज?"

युएनने आवाज खाली आणला. मग म्हणाली, "आई, रागावू नकोस. कायलीशी बोलताना तू एकच वाक्य घोळत बसतेस म्हणे. आपल्या आजीचं काय झालं होतं, ठाऊक आहे ना? घराला लागून नदी, तुझी होडी, त्यात पोर एकटी. कर्टिस म्हणतो, या वर्षी तिला नको पाठवायला."

"मला खुळी ठरवतेस?" साउमावशी कडाडली आणि तिने फोन ठेवला. पण राग ओसरल्यावर तिला भीतीने घेरलं. तिची आई खरोखरच तशी गेली होती. लेकीच्या हातून भात खाता खाता विचारायची, बाई, तुम्ही कुणाच्या? ते दुखणं रक्तातून आलं असेल तर?

मग सुरू झाली परीक्षा. होडीत बसणाऱ्या प्रत्येकाचं नाव ती मोठ्याने घ्यायची. एकदा भोपळेवालीचं नाव ओठावर येऊन अडलं, तर भर नदीत सुकाणू धरून ती रडली. भोपळेवाली घाबरून म्हणाली, "मावशी, मला काहीही नाव द्या, पण होडी सरळ चालवा!"

शेवटी ती लायकडे गेली. वर्ग भरायला अजून अवकाश होता. "लाय, माझं डोकं तपास," ती म्हणाली. "मी काय काय विसरायला लागलेय ते बघ."

लायने सगळं ऐकून घेतलं. "फोनवर नेमकं काय म्हणता तुम्ही?"

"आय रिमेंबर यू."

लायने कपाळावर हात मारला, हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. मग तिने फळ्यावर 'न्यो' लिहिलं आणि त्याच्या शेजारी मला.

साउमावशीने मला ओळखलं. "हा? हा तर होडी चुकलेला! नातीला असलं अपशकुनी सांगू? तू मला चुकलीस म्हणून?"

"त्याचाच हाही अर्थ आहे."

"होडी आणि पोर, दोन्हींना एकच? या लोकांना काळीज आहे की नाही?"

लायने फळ्यावर माझ्याखाली एक रेघ ओढली. मग म्हणाली, "मावशी, ज्याच्याशी लग्न करायचं माझ्या मनात होतं तो तुआन गाव सोडून गेला, त्या दिवशी मी घाटावर धावत आले होते. तुम्हाला वाटलं, आता कुणी यायचं नाही, आणि तुम्ही होडी सोडली. होडी मध्यावर होती. तो दिसत होता. हाक मारली असती तर त्याला ऐकूही गेली असती. पण पाय ठेवायला जागा नव्हती. तेव्हा मला जे झालं ना, ते हे."

साउमावशीने तिचा खडूने माखलेला हात आपल्या हातात घेतला. "वळवायला हवी होती गं होडी," ती म्हणाली.

"राहू द्या आता. म्हणा बघू, मिस."

"मीत."

इथून माझे खरे हाल सुरू झाले. या लोकांच्या भाषेत शब्दाच्या शेवटी 'स' टिकत नाही. माझी शेपटी गळून पडते आणि उरतं 'मीत', म्हणजे चक्क फणस! नातीला सांगायचं काय, तर मी तुला फणस. साउमावशीने कंबर कसली. होडीवर दिवसभर दातांतून हवा सोडत बसायची, "मिस्स्स, स्स्स." भोपळेवाली म्हणाली, "मावशी, कुणाला शू करवताय? पोर तर कुठे दिसत नाही!"

"यायची आहे," साउमावशी म्हणाली. "तुझं तोंड बंद ठेव आणि भाडं काढ."

रविवार उजाडला. मी तिच्या टाळूला चिकटून बसलो होतो. हजार वर्षांत कुणाच्या तोंडात असा जीव मुठीत धरून बसलो नसेन. फोन लागला. कायलीने आधी तोंड उघडून दाखवलं, पुढचे दोन दात पडले होते. आजी खूप हसली. मग तिने पदर खोचल्यासारख्या बाह्या वर सारल्या, श्वास घेतला आणि सगळं बळ एकवटून म्हणाली, "कायली! आय मीत यू!"

गेली माझी शेपटी. ऐन वेळी गेली.

पण पलीकडे पोरीचे डोळे एवढाले झाले. इंग्रजीत 'मीट' म्हणजे भेटणं. "तू मला भेटणार?" ती ओरडली. "मम्मी! आजी म्हणते, ती मला भेटणार! कधी, आजी? कधी?"

युएनने येऊन फोन घेतला. साउमावशी रडकुंडीला आली होती. "अगं, भेटणार नाही गं! मला म्हणायचं होतं, न्यो! इतके दिवस तेच तर म्हणत होते, रोज न्यो, होडीवर न्यो, जेवताना न्यो..."

युएनने फोन दोन्ही हातांनी जवळ धरला. "आई गं," ती म्हणाली, "तू न्यो म्हणत होतीस होय! आणि मी तुला तिथी विचारत बसले." कर्टिस मागे येऊन उभा होता. युएनने त्याला इंग्रजीतून समजावलं, आणि तो काचेजवळ येऊन हात जोडल्यासारखं करून कितीदा तरी 'सॉरी' म्हणाला.

पण तोवर कायलीच्या उन्हाळ्याचा दुसराच बेत ठरला होता, तिला पोचवायला यायची त्यांची रजाही संपली होती. पुढच्या वर्षी नक्की, असं ठरलं. साउमावशी म्हणाली, "येईल तेव्हा येऊ दे. मी होडी सोडायची नाही."

आता माझं काय चाललंय म्हणाल, तर दर रविवारी मी त्या घाटावर असतो. 'स' अजून धड येत नाही. साउमावशी म्हणते 'मीत', पलीकडून दात पडलेली पोर म्हणते 'मिथ', आणि दोघींच्या मधोमध मी मोडका उभा राहतो. पण इतक्या प्रेमाने मला आजवर कुणी मोडलं नव्हतं. आणि प्रत्येक वेळी, फोन ठेवायच्या आधी, ती पोर विचारतेच, "कधी?"

त्याचं उत्तर द्यायचं काम दुसऱ्या शब्दांचं. मी फक्त रिकाम्या जागेचा शब्द. मंडळी, तुम्ही मला पुष्कळ वापरता, खुशाल वापरा. पण एक मागणं आहे. एक दिवस ती पोर घाटाच्या पायऱ्या उतरेल आणि होडीत पाय ठेवेल. त्या दिवशी त्या होडीवर मला कुणी उच्चारू नये. मी काठावर उभा राहीन. त्यांनी मला तिथेच सोडून जावं.