शेपटाच्या दोन शिट्ट्या

वहिनीकडे कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची चिंचोळी होडी, शिकायला यायचं तर एकच अट होती: आपली अक्कल काठावर काढून ठेवायची. लाइफ जॅकेटचा प्रत्येक पट्टा ती स्वतः ओढून बघे, आणि ढिला सापडला की असा आवळी की माणसाच्या तोंडून ‘आई गं’ निघावं. कोणी कुरकुरलं तर म्हणे, "पाण्याला तुमचा हुद्दा कळत नाही हो." तिच्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. बोलायचा तो फक्त तिचा धाकटा दीर.

तलावाकाठच्या शेडमध्ये तिचा नवरा बोटींची डागडुजी करी आणि ही दोघं लोकांना पाण्यात नेत. सासू गेली तेव्हा हा दीर एवढासा होता. वहिनीला स्वतःचं मूल झालं नाही. जी काही माया होती ती सगळी याच्यावर. अर्थात ती दाखवील तर शपथ! आता तो चांगला दांडगा बाप्या झाला होता, तरी ती त्याला ‘शेपूट’च म्हणे, कारण पाण्यात ती सगळ्यांच्या पुढे आणि तो सगळ्यांच्या मागे.

धुकं उतरलं की तिचा एक नियम असे. ती पुढून एक शिट्टी मारी. मग तिच्यामागचा मारी, मग त्याच्यामागचा, आणि सरतेशेवटी शेपूट दोन शिट्ट्या मारी. त्या दोन ऐकू आल्या की सगळे सुखरूप. मागे वळून बघायचं नाही, कारण नवशिका मागे वळला की उलटलाच म्हणून समजा. नियम तिचाच होता आणि तिचा त्यावर डोळे झाकून विश्वास होता.

त्या थंडीतल्या सकाळी एक दंतवैद्य आणि त्याची बायको आली होती. दंतवैद्य मोठा हसरा, लोकांचे दात काढता काढता स्वतःचेही सारखे काढणारा. बायको मात्र बिचारी भिडस्त. पलीकडच्या काठाला जाऊन सगळे परत फिरले आणि अर्ध्या वाटेत धुकं आलं. आलं ते असं की वहिनीला स्वतःच्या बोटीचं नाकही दिसेना. तरी घाबरायचं कारण नव्हतं. काठापर्यंत दोराने बांधलेल्या पिवळ्या तरंगत्या पिंपांची ओळ होती, ती धरून जायचं की झालं.

तिने शिट्टी मारली. दंतवैद्याची आली, बायकोची आली आणि मागून दोन आल्या. वहिनी पुढे निघाली.

पुन्हा तसंच. पण या वेळी तिला जरा नवल वाटलं. दीर म्हणजे आळसाचा पुतळा. आधी तंगवणार, मग कोंबडा आरवल्यासारखी लांबलचक शिट्टी मारणार, वर शिव्या खाणार. आज मात्र दोन्ही शिट्ट्या कशा वेळेवर, सरळ, आखून दिल्यासारख्या. ‘गाढवाला शहाणपण सुचलं म्हणायचं,’ असं मनात म्हणून तिने वल्हं मारलं.

पुढच्या खेपेला बायकोची शिट्टी संपायच्या आतच त्या दोन आल्या. आणि त्याच्या पुढच्या खेपेला वहिनीने शिट्टी नुसती ओठांना लावली होती, फुंकली नव्हती, तरीही मागून दोन शिट्ट्या वाजल्या.

"बोटी जोडा!" ती ओरडली. दोघं नवराबायको चाचपडत आली आणि तिन्ही बोटी एकमेकींना चिकटल्या. चौथी आली नाही.

"शेपटा! गंमत पुरे आता, मुकाट्याने पुढे ये!"

उत्तरादाखल दोन शिट्ट्या. अगदी जवळून, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळून. तिथे पाण्यावर काहीच नव्हतं.

"वहिनी, रागावू नका हं," दंतवैद्याची बायको रडवेली होऊन म्हणाली. "त्यांच्याकडे शिट्टी नाहीये." तिने जॅकेटच्या खिशातून शिट्टी काढून दाखवली. लाल दोरीची, दिराची. "माझ्या जॅकेटला नव्हतीच. ते म्हणाले, आता परत गेलो तर वहिनी मला सोलून काढील, ही घ्या माझी. तुम्हाला सांगू नका म्हणाले."

दंतवैद्याचं हसू केव्हाच मावळलं होतं. "मग इतका वेळ मागून शिट्टी कोण मारत होतं?"

वहिनीने त्या दोघांच्या हातात पिंपाचा दोर दिला. "मी येईपर्यंत हा सोडायचा नाही. काही ऐकू आलं तरी जागचं हलायचं नाही. शिट्टीला तर हातच लावू नका." आणि जी कधी मागे वळत नसे, ती वळली.

एकेका पिंपाशी थांबून ती हाका मारी आणि कान देऊन ऐके. आता चिडीचूप होतं. ‘देवा, एवढा वेळ त्याला पाण्यात सोडून आले मी,’ हा एकच विचार तिच्या डोक्यात घण घालत होता. शेवटी एका पिंपापाशी उलटी झालेली बोट दिसली आणि तिला मिठी मारून बसलेला दीर. ओठ काळेनिळे, बोटं वाकलेली. बोट सुलटी करून त्याला आत बसवायची सोयच नव्हती, हात चालत नव्हते त्याचे. तिने जॅकेटला धरून त्याला आपल्या बोटीच्या मागच्या भागावर ओढलं, पालथं घातलं आणि त्याचे हात स्वतःच्या कमरेला वेढून घेतले.

"तुझी शिट्टी ऐकू यायची," तो कसाबसा म्हणाला. "मी बोंबलायचो गं. पण माझ्या कानाशीच कोणीतरी दोन शिट्ट्या मारायचं. की तू निघालीस पुढे."

"गप. बोलू नकोस. घट्ट धर."

ती जीव खाऊन वल्ही मारू लागली. तेवढ्यात मागून हाक आली. "वहिनी! अगं मी इथे आहे. मला सोडून कुठे चाललीस?"

आवाज हुबेहूब दिराचा. आणि दीर तर तिच्या पाठीला चिकटलेला, त्याचे दात तिच्या पाठीवर कडकड वाजत होते. तरी तिचं वल्हं क्षणभर थांबलं. मग दिराचे हात तिच्या कमरेभोवती आवळले गेले आणि ती पुन्हा निघाली.

दंतवैद्य आणि त्याची बायको दोर धरून तिथेच होती. सगळे काठाला लागले. ती दोघं गाडीत बसून धूम पळाली. त्यांना कोण नावं ठेवील! नवऱ्याने दिराला शेडमध्ये नेऊन कांबळ्यात गुंडाळलं. वहिनी त्याचे पाय चोळत बसली. तोच बाहेर पाण्यावरून पुन्हा हाक आली.

"मागे कोण राहिलंय?" नवरा दाराकडे बघत म्हणाला. "अगं, हा तर आपल्या धाकट्याचा आवाज."

"दादा, जाऊ नकोस," दीर म्हणाला. "तो मी नाही." आणि एवढा दांडगा माणूस लहान पोरासारखा रडायला लागला.

नवऱ्याने दार लावून घेतलं. बाहेर हाका चालूच होत्या. वहिनी, थंडी वाजतेय. वहिनी, ये ना. वहिनीने पाय चोळणं सोडलं नाही. हळूहळू हाका बंद झाल्या. तिघांनाही वाटलं, सुटलो.

मग तोच आवाज दाराच्या अगदी बाहेर हळूच म्हणाला, "आई."

दिराने तिला जन्मात कधी आई म्हटलं नव्हतं. कुणीच म्हटलं नव्हतं. वहिनी उठली. नवऱ्याने दंड धरला तो तिने झिडकारला. तिला काही कळतच नव्हतं, ती नुसती दाराकडे चालली होती. तिचा हात कडीवर गेला.

दीर कांबळ्यासकट जमिनीवर पडला, सरपटत गेला आणि त्याने तिचे दोन्ही पाय धरले.

"आई, दार उघडू नकोस," तो म्हणाला. "मी इथे आहे."

कडीवरचा हात खाली आला. वहिनी तिथेच दाराशी बसली आणि त्याचं ओलं डोकं मांडीवर घेऊन ऊन पडेपर्यंत बसून राहिली.